पेन्सिल दुसऱ्या खोलीत ठेवून

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांची आहे. इतिहासात एम. ए. केल्यानंतर आठ महिन्यांपूर्वी पुण्यात, संशोधनपर ग्रंथ काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेत सहायक संपादक म्हणून रुजू झाले. लहानपणापासून मला वाचनाचे वेड आहे आणि त्या वेडापायीच मी ही नोकरी धरली. दिवसभर मुद्रिते म्हणजे प्रुफे तपासायची, तळटिपा जुळवायच्या, संदर्भग्रंथांची यादी एकसारखी करायची, हेच काम असते. आता रात्री हौसेने एखादी कादंबरी उघडली, तर पहिल्याच पानावर चुकलेली वेलांटी दिसते आणि मन उडून जाते. गेल्या तीन महिन्यांत मी एकही पुस्तक पुरे केलेले नाही. आमचे ग्रंथ तीनशे नाहीतर पाचशे प्रतींचे निघतात. ते कोण वाचते, हेही मला दिसत नाही. धाकटा भाऊ संगणक क्षेत्रात माझ्या तिप्पट कमावतो आणि आई रोज विचारते, यात तुझे पुढे काय होणार? वाचनाची गोडी कायमची गेली का? आणि हे काम आयुष्यभर करण्याजोगे आहे का?
ता. क. मी तपासलेल्या आणि गेल्या महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात मला एक साल चुकलेले आढळले आहे. अजून कोणालाही सांगितलेले नाही. सांगावे का?
— सहायक संपादक, पुणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील ‘पहिल्याच पानावर चुकलेली वेलांटी दिसते’ या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले, कारण एकतीस वर्षांपूर्वी, या व्यवसायातील माझ्या पहिल्या वर्षाच्या अखेरीस, जवळजवळ हेच वाक्य मी माझ्या थोरल्या बहिणीला पत्रातून लिहिले होते. तेव्हा मला वाटले होते की काहीतरी मोडले आहे आणि ते आता सांधले जाणार नाही. ते मोडलेले नव्हते, हे कळायला मला दोन वर्षे लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण एरवी वाचतो तेव्हा डोळा अक्षरावरून अक्षरावर सरकत जात नाही. तो उड्या मारतो, शब्दाचा अर्धाच भाग टिपतो आणि उरलेले मन अर्थाच्या आधाराने भरून काढते. गोष्टीत रंगलेल्या वाचकाला ‘पाणी’च्या जागी छापलेले ‘पाणि’ दिसतच नाही, कारण त्याने ते अक्षर पाहिलेलेच नसते. त्याने पाणी पाहिलेले असते. मुद्रितशोधकाला नेमकी हीच सवय सोडावी लागते. त्याला अर्थाचा हात सोडून प्रत्येक अक्षरापाशी, प्रत्येक रफारापाशी, अवतरणचिन्ह मिटले की नाही यापाशी थांबायचे असते. हे इतके अस्वाभाविक आहे की पूर्वी छापखान्यांत ते काम एकट्याकडे देत नसत. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचे आणि दुसरा प्रुफावर डोळा ठेवून बसे. वाचणारा ‘स्वल्पविराम’, ‘परिच्छेद’, ‘अवतरण सुरू’ हेसुद्धा त्याच सुरात म्हणत जाई. काही अनुभवी मंडळी अंतिम प्रुफाची पाने उलट क्रमाने, शेवटाकडून सुरुवातीकडे तपासत, ती एवढ्याचसाठी की अर्थाच्या ओघात डोळा वाहून जाऊ नये.

आठ महिने, रोज सात-आठ तास, तुम्ही तुमच्या डोळ्यांना हे वळण लावत आहात. ते वळण लागले आहे, आणि चांगले लागले आहे. अडचण एवढीच आहे की संध्याकाळी सहा वाजता काम संपले, हे त्या डोळ्यांना कोणी सांगितलेले नाही. तुम्ही कार्यालयातून निघता, बसमध्ये बसता, घरी जेवता आणि त्याच नजरेने कादंबरी उघडता. तुमची गोडी गेलेली नाही. तुम्ही रात्री साडेनऊ वाजतासुद्धा मुद्रिते तपासत आहात.

तेव्हा पहिली गोष्ट अगदी साधी आहे. घरी वाचताना पेन्सिल किंवा पेन हाताच्या अंतरावर ठेवू नका. दुसऱ्या खोलीत ठेवा. मी हे गमतीने म्हणत नाही. हातात पेन्सिल असली की डोळा तिच्यासाठी काम शोधतो, आणि नसली की निदान पहिल्या चुकीवरून पुढे जाण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. कार्यालयातून आल्यावर निदान अर्धा-पाऊण तास छापील किंवा पडद्यावरचे कोणतेही अक्षर वाचू नका. भाजी चिरा, चालून या, आईशी बोला.

दुसरी गोष्ट, मोठ्याने वाचा. माझ्या लहानपणी चातुर्मासात आमच्या घरी आजी पोथी वाचत असे. तिची पोथी आडव्या सुट्या पानांची होती आणि जुन्या पद्धतीप्रमाणे तिच्यात शब्द एकमेकांना जोडून छापलेले होते. दोन शब्दांमध्ये जागाच नव्हती. पानावर पाहिले तर अक्षरांची एक सलग भिंत दिसे. आजी ती ओवी चालीवर म्हणू लागली की त्या भिंतीतून शब्द आपोआप सुटे होऊन बाहेर पडत, आणि वाती वळत बसलेल्या शेजारणींना, अंगणातून आत आलेल्या आम्हा मुलांना, सगळ्यांना ते समजत. त्या पोथीत छपाईच्या चुका किती होत्या, हे मला पुढे मोठेपणी ती हातात घेतल्यावर कळले, पाना-पानावर होत्या. आजीला त्या कधी दिसल्या नाहीत, कारण तिचा कान डोळ्यापेक्षा पुढे चालत असे. मोठ्याने वाचताना जीभ वेलांटीपाशी अडत नाही. तुमच्या आई रोज एक प्रश्न विचारतात असे तुम्ही लिहिता. त्यांना रोज रात्री दहा पाने वाचून दाखवा. त्यांच्या आवडीचे पुस्तक निवडा, तुमच्या नव्हे. पंधरा दिवसांत काय फरक पडतो, ते मला कळवा.

तिसरा उपाय माझा स्वतःचा आहे आणि त्याचा मला फार उपयोग झाला, तेव्हा तो थोडा विस्ताराने सांगते. तुम्ही ज्या नियमांनी चुका पकडता, ते शुद्धलेखनाचे नियम फार जुने नाहीत. साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. त्याआधीची छापील मराठी पुस्तके उघडलीत तर ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार जागोजागी भेटतील. तुमच्या ग्रंथालयातून अशी जुन्या छपाईची पुस्तके आणा : प्रवासवर्णने, आठवणी, पत्रसंग्रह, काहीही. पहिली तीन-चार पाने डोळा धावून धावून तक्रार करील. मग त्याच्या लक्षात येईल की येथे आपला कायदा चालत नाही, आणि तो गप्प होईल. डोळा गप्प झाला की गोष्ट ऐकू येऊ लागते. मला माझे वाचन परत मिळाले ते अशाच एका जुन्या, पाठीवरचे कापड सुटलेल्या आठवणींच्या पुस्तकात. पावसाळ्याचे दिवस होते. पाऊण तास वाचून झाल्यावर माझ्या ध्यानात आले की या सबंध वेळात मी एकाही अक्षराकडे अक्षर म्हणून पाहिलेले नाही, आणि कित्येक महिन्यांनी मी पुस्तक बोटाने खूण करून मिटले, कामाची खूण कागदाची असते म्हणून.

तुम्ही पुण्यात आहात, हे तुमचे भाग्य समजा. १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर तुमच्या शहरात आहे, पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक आहे, आणि पदपथावर जुनी पुस्तके मांडून बसणारे विक्रेते अजून अगदीच नाहीसे झालेले नाहीत. शनिवारी दुपारी, काय घ्यायचे हे न ठरवता जा. ग्रंथालयाच्या पुस्तकामागे चिकटवलेल्या चिठ्ठीवरील परतीच्या तारखांचे शिक्के वाचणे हेही एक वाचन आहे. एखादे पुस्तक चार महिन्यांत सात जणांनी नेले आणि मग अकरा वर्षे कोणीच नेले नाही, हे तेथे दिसते, आणि त्या अकरा वर्षांनंतर ते नेणारी व्यक्ती कोण असेल, असा प्रश्न मनात उभा राहतो. शब्दकोशही चाळून पाहा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची आवृत्ती मी अनेक वर्षे उशाशी ठेवलेली आहे. संदर्भासाठी नव्हे, रोज एक पान वाचण्यासाठी. शेतातली, स्वयंपाकघरातली, बैलगाडीच्या अंगाउपांगांची जी नावे आता बोलण्यातून गेली, ती तेथे जिवंत सापडतात. कोश आरंभापासून वाचायचा नसतो आणि संपवायचाही नसतो, म्हणून ‘तीन महिन्यांत एकही पुस्तक पुरे झाले नाही’ अशी खंत त्याच्या बाबतीत उरत नाही. तशी ती इतर पुस्तकांच्या बाबतीतही धरू नये, असे माझे मत आहे. पुस्तके पुरी करण्याचा हिशेब हा कार्यालयाचा आहे, तो घरी आणू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हे काम आयुष्य देण्याजोगे आहे का, असे तुम्ही विचारता आणि त्याला पाचशे प्रतींचा आकडा जोडता. या आकड्याबद्दल मला तुमच्याशी थोडे भांडायचे आहे.

आपल्या भाषेत ग्रंथसंपादनाचे जे काम सर्वांत आदराने आठवावे, ते शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली झाले. संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून तिचा पाठ शुद्ध केला. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्याला तोवर जवळजवळ तीनशे वर्षे होत आली होती आणि नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात पाठभेद शिरले होते. काम झाल्यावर नाथांनी बजावून ठेवले की यात कोणी आपली ओवी घातली, तर ते अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवण्यासारखे होईल. एवढा मोठा कवी स्वतः ओव्या रचू शकत असताना दुसऱ्याच्या ग्रंथापुढे हात आखडून बसतो आणि फक्त जे मूळचे आहे ते सांभाळतो. आपल्या व्यवसायाची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. तुम्ही जेव्हा लेखकाचे वाक्य तुमच्या मते अधिक सुंदर होईल म्हणून बदलण्याचा मोह आवरता आणि त्याच्या तळटिपेतील पृष्ठक्रमांक मात्र मूळ ग्रंथ काढून ताडून पाहता, तेव्हा तुम्ही तेच करत असता.

आणि तुमच्या कार्यालयापासून फार दूर नसलेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात एकदा जाऊन या. महाभारताच्या चिकित्सक, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून पाठ ठरवलेल्या, आवृत्तीचे काम तेथे १९१९ साली सुरू झाले. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी १९२५ साली मुख्य संपादक म्हणून सूत्रे घेतली. ते केंब्रिजमध्ये गणित शिकून आले होते आणि ती शिस्त त्यांनी पाठभेदांच्या कामात आणली. आदिपर्व १९३३ साली पुरे झाले, पुढे आरण्यकपर्वही त्यांनी स्वतः हातावेगळे केले आणि १९४३ साली ते गेले. त्यांच्यामागे श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी, मग परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते काम चालवले आणि १९६६ साली ते तडीस गेले. एकोणीस खंड, सत्तेचाळीस वर्षे. त्यातले एखादे पान उघडून बघा : वर श्लोक, आणि खाली बारीक टाइपात कोणत्या हस्तलिखितात कोणते अक्षर वेगळे आहे याची नोंद, प्रत्येक हस्तलिखिताच्या सांकेतिक खुणेसह. त्या खालच्या बारीक ओळींपैकी प्रत्येक ओळ कोणीतरी लिहिली, दुसऱ्याने तपासली, तिसऱ्याने जुळवली आणि चौथ्याने प्रुफावर पुन्हा ताडून पाहिली. त्यांतील बहुतेकांना शेवटचा खंड पाहायला मिळाला नाही. ती पाने आज जगभरचे अभ्यासक वापरतात, आणि वापरणारा सबंध खंड वाचत नाही. तो एका श्लोकासाठी येतो, एक अक्षर पाहतो आणि निघून जातो.

संशोधनग्रंथाचा वाचक असाच असतो. पाचशे प्रती विकत घेणारे पाचशे जण आरामखुर्चीत बसून ग्रंथ पहिल्या पानापासून वाचतील, अशी तुमची अपेक्षा असेल तर निराशा ठरलेली आहे. तो ग्रंथ ग्रंथालयांत जाऊन बसतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि आणखी एकेक प्रत तीन सार्वजनिक ग्रंथालयांत पोहोचवावी लागते, त्यामुळे इतर सर्व प्रती जीर्ण झाल्या तरी कुठेतरी ती सापडण्याची शक्यता उरते. मग पंधरा किंवा तीस वर्षांनी नांदेडची किंवा सावंतवाडीची एखादी मुलगी, आपल्या प्रबंधातील एका परिच्छेदासाठी, ती प्रत मागवते. ती प्रथम ग्रंथाच्या शेवटची नामसूची उघडते.

सूचीबद्दल येथे लिहिलेच पाहिजे, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही आणि मला वाटते की ते काम अजून तुमच्याकडे आलेले नसावे. ते मागून घ्या. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हे अक्षर ‘ह’नंतर येते, संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड सारणीत मात्र ते ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसवलेले आहे. म्हणून नामसूची संगणकाकडून जशीच्या तशी लावून घेतली, तर कानडे, काळे, काशीकर असा क्रम लागतो, आणि आपल्या वर्णक्रमाप्रमाणे तो कानडे, काशीकर, काळे असा हवा. क्षीरसागर हे नाव संगणक ‘क’च्या अगदी शेवटी नेऊन टाकतो, शाळेत ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ असे घोकलेला वाचक ते सूचीच्या अखेरीस शोधतो, त्याला सापडत नाही, आणि क्षीरसागरांचा ग्रंथात उल्लेख नाही असे समजून तो पुस्तक मिटतो. काही कोश ‘क्ष’ला ‘क’मध्ये घालतात, काही शेवटी ठेवतात, दोन्ही चालते, पण कोणता क्रम धरला आहे, ते सूचीच्या माथ्यावर एका ओळीत सांगितले पाहिजे. नावाखाली नुसत्या पृष्ठांकांची रांग लावायची की ‘बालपण’, ‘पुण्यातील वास्तव्य’, ‘पत्रव्यवहार’ असे पोटविभाग करायचे, हे ठरवण्यासाठी तो ग्रंथ समजून घ्यावा लागतो, आणि सूची करणारी व्यक्ती ही बहुधा लेखकानंतर त्या ग्रंथाची पहिली खरी वाचक असते. मुद्रिते तपासताना ज्या अर्थाचा हात तुम्हाला सोडावा लागतो, तो सूची करताना पुन्हा धरावा लागतो. माझी तर खात्री आहे की तुमच्या थकव्यावरचा अर्धा इलाज यातच आहे.

तुम्ही इतिहासाच्या विद्यार्थिनी आहात, याचाही उपयोग करून घ्या. मोडी लिपी येत नसेल तर शिका. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद सहसा केलेला नसतो आणि शब्दही तोडून लिहिलेले नसतात. म्हणजे छापील साधनग्रंथात जो ह्रस्व-दीर्घ आणि जी शब्दांची तोड तुम्ही पाहता, ती मूळ कागदाची नसून वाचणाऱ्याची असते. हे एकदा कळले की ‘मूळ पाठ’ या शब्दांकडे पाहण्याची तुमची नजर बदलेल, आणि अवतरणातील ज्या लेखनाला तुम्ही चूक समजून दुरुस्त करायला निघाला होता, तेथे हात थांबेल.

तुमच्या भावाशी होणाऱ्या तुलनेबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्यात लपवण्यासारखे काही नाही. या व्यवसायात पगार कमी असतो, आणि तो वाढतो तोही हळू. घरभाडे, आई-वडिलांचे औषधपाणी किंवा कर्जाचा हप्ता तुमच्या पगारात भागत नसेल, तर दुसरी नोकरी धरा आणि मनाला कसलीही टोचणी लावून घेऊ नका. वाचक म्हणून तुम्ही कोठेही गेलात तरी वाचकच राहाल. भागत असेल, तर मात्र आताच निर्णय घेऊ नका. आठ महिन्यांत तुम्ही या कामाची एकच बाजू पाहिली आहे. तुमच्या वरिष्ठांना सांगा की मला एक ग्रंथ हस्तलिखितापासून बांधणीपर्यंत पूर्ण सांभाळायला द्या : लेखकाशी पत्रव्यवहार, नकाशे आणि छायाचित्रांच्या परवानग्या, जुन्या टाइपातील मजकूर युनिकोडमध्ये आणताना होणारी रफारांची आणि वेलांट्यांची पडझड, सूची, मुखपृष्ठामागचा मजकूर, सगळे. त्याला वर्ष-दीड वर्ष लागेल. त्या ग्रंथाच्या श्रेयपृष्ठावर संपादन-साहाय्य म्हणून तुमचे नाव छापले जाईल, हे आधीच स्पष्ट बोलून घ्या. यात संकोच करण्याचे कारण नाही, कारण उद्या दुसरीकडे काम मागताना तेच तुमचे प्रमाणपत्र असते. सूची आणि मोडी येणाऱ्यांना बाहेरची कामेही मिळतात. तो ग्रंथ छापून आल्यावर पुन्हा मला लिहा. तेव्हाही मन उडालेले असेल, तर मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही.

आणि आईंच्या प्रश्नाचे उत्तर तोंडी देऊ नका. एके दिवशी तुम्ही तपासलेल्या ग्रंथाची प्रत घरी न्या, प्रुफाचे जुने पानही न्या, आणि तुमच्या खुणेमुळे कोणती चूक छापली जाण्यापासून राहिली, ते त्यांना बोट ठेवून दाखवा. काम दिसत नाही तोवर घरच्यांना काळजी वाटणारच. तो त्यांचा दोष नाही.

आता ताजा कलम. खरे तर तुमच्या पत्रात मला सर्वांत जवळचे वाटले ते हेच. चुकलेले साल कोणते, ते तुम्ही लिहिलेले नाही, पण इतिहासाच्या ग्रंथांत असल्या चुका बहुधा कोठून येतात, ते मला ठाऊक आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, असे आपण सर्वजण शिकतो. शिवराज्याभिषेकाला ते लागू पडते : ज्येष्ठ, शके १५९६, म्हणजे १६७४. पानिपताला लावून बघा. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. ७८ मिळवले तर १७६० येते, आणि लढाई तर १४ जानेवारी १७६१ ची. इंग्रजी वर्ष पौषाच्या आसपास पालटते आणि शक मात्र चैत्रापर्यंत तोच चालतो, म्हणून शकाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. पानिपताचे साल सर्वांना पाठ असते, त्यामुळे तेथे चूक लगेच दिसते. एखाद्या वतनपत्राची किंवा देवळाच्या शिलालेखाची तारीख कोणाला पाठ असणार?

सांगा. उद्याच सांगा, प्रथम वरिष्ठांना आणि मग त्यांच्या संमतीने लेखकाला. मी का एवढ्या आग्रहाने सांगते, ते ऐका. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका संस्थेच्या ग्रंथाची सूची केली होती. सूची तयार झाल्यावर लेखकांनी तिसऱ्या प्रकरणात दोन पानांची भर घातली, मजकूर पुढे सरकला, आणि सूची पुन्हा ताडून पाहायची, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात राहिले नाही. पृष्ठ ११२ नंतरचा प्रत्येक संदर्भ दोन पानांनी चुकला. पाचशे प्रती बांधून झाल्यावर आठवडाभराने मला ते दिसले, आणि मी गप्प राहिले. पाच महिने गप्प राहिले. या पाच महिन्यांत मी कोणतेही पुस्तक सुखाने वाचू शकले नाही, कारण कोठलेही पुस्तक उघडले तरी मला ते पुस्तक दिसत असे. शेवटी एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. त्यांनी सूचीतील नऊ नोंदी ताडून पाहिल्या होत्या आणि फार सौजन्याने विचारले होते की आमच्याकडची प्रतच सदोष आहे का. ते कार्ड घेऊन मी संचालकांच्या खोलीत गेले. शुद्धिपत्र छापले गेले, शिल्लक प्रतींत मी आणि एका सहकारिणीने दोन दिवस बसून ते खळीने चिकटवले, आणि ज्या ग्रंथालयांत प्रती गेल्या होत्या त्यांना टपालाने पाठवले. संचालक मला फक्त एवढेच म्हणाले की पाच महिन्यांपूर्वी आली असतीस तर दोनशे प्रती अजून आपल्याच कोठीत होत्या.

तुमच्या पत्रात मी पुन्हा पुन्हा शोधते आहे की वाचनावरून मन उडायला नेमकी केव्हा सुरुवात झाली. तीन महिने झाले, असे तुम्ही म्हणता. ग्रंथ गेल्या महिन्यात निघाला. म्हणजे सगळा दोष त्या सालाचा नाही. पण गेल्या काही आठवड्यांतील काही रात्री त्याच्याही असाव्यात, असे मला वाटते.

पुढच्या आवृत्तीची वाट पाहू नका; संशोधनग्रंथाची दुसरी आवृत्ती निघायला वीस वर्षे लागतात, आणि पुष्कळदा ती निघतच नाही. शिल्लक प्रतींसाठी शुद्धिपत्र काढा, ग्रंथालयांना पाठवा. आणि तुमच्या संस्थेत नसेल तर एक पद्धत सुरू करा : प्रत्येक प्रकाशित ग्रंथाची एक प्रत ‘दुरुस्तीची प्रत’ म्हणून कपाटात वेगळी ठेवायची, तिच्या मलपृष्ठाच्या आत एक कोरा कागद चिकटवायचा, आणि ज्याला जी चूक सापडेल त्याने ती तारीख, पृष्ठ, ओळ आणि आपल्या सहीसह तेथे लिहायची. पहिली नोंद तुमच्या हातची असू द्या. पेन्सिलीने नको, शाईने लिहा.

तुमची,
सदरलेखिका